कोंडेपाडा बंधाऱ्याच्या फळ्या उपसल्याबाबत

आधी हे लिहा, मग माझं नाव लिहा. काल मी इथं सकाळी दहाला आलेली. दुपारी चार वाजता माझ्यासमोर कागद ठेवला, त्यात मी न बोललेलं लिहिलेलं होतं. "माझा मुलगा दगडू याने कोणाचीही परवानगी न घेता बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या", असं. मी तिसरीपर्यंत शिकलेय, पण तिसरीतल्या माणसाला वाचता येतं. मी सही केली नाही. आजची ही तिसरी खेप. तुमच्या बाकड्याचा एक पाय आखूड आहे, बसलं की माणूस पुढं घसरतं. आणि त्या कागदात मयताच्या जागी "एक वृद्ध महिला" लिहिलंय. तिला नाव आहे. जाईबाई काळू सुरोशे. ते पहिलं लिहा.

हवालदार मृणालबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्याच शब्दांत लिहिते, पण आधी तुमचं नावगाव लागतं." लागत असेल तर घ्या.

माझं नाव गंगुबाई धर्मा सुरोशे, वय ७४ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार कोंडेपाडा, खडवली स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. मोबाईल आहे, नंबर पाठ नाही. समक्ष हजर राहून, कोणी दम न देता, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा दगडू, वय ५१, सून रंभा व नात संचिता यांच्यासह राहते. जाईबाई ही माझ्या धाकट्या दिराची बायको, वय ६९. दोघींचे नवरे वारले. आमच्या घरांची मधली भिंत एक आहे, चुली तीस वर्षांपासून वेगळ्या आहेत. तिचा मुलगा विनीत घोडबंदर रोडला बिल्डिंगमध्ये राहतो, ऑफिसात नोकरी करतो. दगडूवर फिर्याद त्यानेच दिलेली आहे. तो दगडूचा चुलत भाऊ. लहानपणी त्याला पोहायला दगडूनं शिकवलं.

जाईबाईशी भांडण होतं का, असं विचारल्यावरून सांगते की होतं. रोज होतं. शेवटचं ती गेली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी झालं. माझ्या कोंबड्या तिच्या पापडांच्या वाळवणात शिरल्या. ती म्हणाली, "अक्का, कोंबड्या तुझ्यावर गेल्यात, सांगितलेलं ऐकत नाहीत." मी म्हटलं, "तुझे पापड कोंबड्यांशिवाय खाणार कोण." त्यात मनात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. जमिनीचा वाद नाही. फिर्यादीत जमिनीचा वाद कुठून आला, मला माहीत नाही. वाटण्या तीस वर्षांपूर्वी झाल्या, तेव्हा विनीत लंगोटात होता.

गावाच्या वरच्या अंगाला नदीवर सिमेंटचा बंधारा आहे. त्याला सात खांब. दोन खांबांच्या मध्ये खाचेत लाकडी फळ्या एकावर एक बसवतात, त्यानं पाणी अडतं. फळ्या दिवाळीनंतर बसवायच्या आणि पावसाच्या तोंडावर काढायच्या. हे काम पहिल्यापासून आमच्या घराकडे. आधी माझा नवरा करायचा, तो वारल्यावर दगडू करतो. फळ्या ठेवायच्या गोदामाची किल्ली पाटबंधारे खात्याने दगडूच्या सहीनं दिलेली आहे. खात्याच्या पत्रात त्याला "स्थानिक इसम" म्हटलंय. ज्याच्या हातात तुमची किल्ली आहे तो इसम कसा होतो, ते खात्याला विचारा.

हा बंधारा मोठ्या दुष्काळाच्या साली बांधला. मी नुकती लग्न होऊन आलेली, एकवीस वर्षांची. आम्ही बायका घमेली वाहायचो. चौथ्या खांबाच्या वेळी चांगली वाळू संपली. मुकादम म्हणाला, काठाची घाला. काठाच्या वाळूत निम्मी माती होती. ती घमेली मी टाकली. मला तेव्हाच कळत होतं, पण नव्या सुनेला कोण विचारतं. दहा वर्षांत त्या खांबाला चीर गेली. पुढं तिच्यात हात जायचा.

आता नारळाचं सांगते. हे नीट लिहा, कारण यावरच सगळं आहे.

बंधाऱ्यापासून आमचा धुण्याचा घाट खाली आहे, मध्ये नदीला वळण आहे. बंधाऱ्यावरून घाट दिसत नाही आणि ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून फळी उपसायच्या आधी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला एक नारळ पाण्यात सोडायचा. तो अर्ध्या-पाऊण तासात घाटावर येतो. घाटावर आमच्या घरची एक बाई उभी असते. तिनं नारळ धरायचा, मग घाट रिकामा करायचा. धुणाऱ्या बायका, म्हशी, पोरं, सगळी वर काढायची. मग वर कळवायचं, की घाट रिकामा आहे. तसं कळल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. पूर्वी कळवायला माणूस धावत जायचा. आता दोन मिस्ड कॉल देतात. दोन म्हणजे घाट रिकामा. त्रेपन्न वर्षांत या रीतीनं एक कोंबडीसुद्धा वाहून गेलेली नाही. घाटावर उभं राहण्याचं काम माझं. मी नसले तर जाईबाईचं.

माझा नवरा नारळाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायचा, ओळखीसाठी. तो गेल्यावर कोणी बांधली नाही. नदीत नारळ टाकणारं दुसरं आहे कोण, असं आम्हाला वाटलं. ही चूक आमची आहे. लिहा.

बंधारा तोडावा, असं माझं म्हणणं पहिल्यापासून आहे. गावात यावरून मला बोलतात. दर उन्हाळ्यात शहरातली पोरं गाड्या घेऊन येतात, बंधाऱ्याच्या भिंतीवरून उड्या मारतात. खाली भोवरा आहे. आठ वर्षांत नऊ जण मेले. त्यातल्या चौघांवर माझ्या घरातल्या चादरी घातल्या. चादरी परत आल्या नाहीत, मी मागितल्याही नाहीत. बंधाऱ्यात आता पाण्यापेक्षा गाळ जास्त आहे. काम संपलेली वस्तू काढून टाकावी. माणसं मरेपर्यंत ठेवू नये.

गेल्या वर्षी खात्यानं बंधारा काढायचं ठरवलं. मोजणीवाले चार वेळा येऊन गेले. मग नोटीस लागली, की या महिन्याच्या ११ तारखेला, मंगळवारी, सकाळी साडेदहाला कल्याणमध्ये एका हॉलात सुनावणी आहे, गावकऱ्यांनी आपलं म्हणणं मांडावं. होळीला दोन दिवस होते. तरी आम्ही नऊ जण गेलो. खात्यानेच जीप पाठवली, ती साडेसातला आली. माझ्यासोबत संचिता होती. निघताना जाईबाई ओट्यावर गोधड्या मोजत होती. होळीला विनीत बायकोमुलीला घेऊन राहायला येणार होता, म्हणून तिनं पाच गोधड्या धुवायला काढलेल्या. मला म्हणाली, "चालली मोठी भाषण करायला." मी म्हटलं, "तू चल, तुझाही अंगठा चालेल." ती म्हणाली, "मला सही येते." हे शेवटचं समोरासमोरचं बोलणं.

हॉलात गार हवा सोडलेली. स्टेजवर खात्याचे ठाण्याचे मोठे साहेब होते. पुढ्यात पाटी होती, ती मी वाचली, हरिहर असं नाव. आडनाव फुलदाणीच्या आड होतं. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. बंधारा एकदम तोडायचा नाही. पहिल्या वर्षी गाळ उचलायचा. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पाणी उतरवायचं, रोज एक वीत, जास्त नाही. गावच्या विहिरींची मापं घ्यायची. मग मधून फोडायला घ्यायचं, काठाचं शेवटी. मला पटलं. असं नीट बोलणारा साहेब मी पहिल्यांदा पाहिला.

मी हात वर केला. मला माईक दिला. मी म्हटलं, "साहेब, मधून फोडाल तर चौथ्या खांबाला आधी टेकू द्या. तो खांब नाही, चिखलाचा गोळा आहे. मीच भरलाय." लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "आजी सांगतात ते आमच्या एकाही रिपोर्टात नाही." टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. ते लपवत नाही.

मग आमच्या गावचे एक जण उठले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांची काठाला मिरची आहे. ते म्हणाले, "साहेब, तुमचं सगळं कागदावर छान आहे, पण आधीच पाणी सोडून द्याल आणि मग आम्हाला कागद दाखवाल." त्यावर हरिहर साहेब माईकवर बोलले, "सुनावणीचा निकाल लागेपर्यंत बंधाऱ्याची एक फळीसुद्धा हलणार नाही. हा माझा शब्द आहे." समोर भिंतीवर घड्याळ होतं, अकराला पाच कमी होती. हॉलात तीन पायांवर कॅमेरा उभा केलेला, तो सगळं टिपत होता. त्याची फिल्म मागवा.

त्याच वेळी बंधाऱ्यावर काय चालू होतं ते मी पाहिलेलं नाही. दगडूनं त्याच दुपारी, विनीत यायच्या आधी, मला सांगितलं तेवढं सांगते. त्यानं खोटं सांगितलं असतं तर स्वतःच्या सोयीचं सांगितलं असतं. ते तसं नाही.

सव्वानऊला खात्याचे धाकटे इंजिनिअर अपूर्व साहेब ठेकेदाराची माणसं आणि एक पोकलेन घेऊन बंधाऱ्यावर आले. दगडूला फोन करून बोलावलं. फळ्या उपसायचा आकडा गोदामात होता, तो आणायला दगडू गेला. तेवढ्यात अपूर्व साहेबांनी कामाची पूजा केली. एक नारळ फोडला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "एक नदीला द्या साहेब, नदीचं काम आहे." म्हणून एक अख्खा नारळ पाण्यात टाकला. खालच्या बाजूला. त्यांना रीत माहीत नव्हती. त्यांनी ती विचारलीही नाही, पण नारळ टाकण्यात पाप नाही. ते मी त्यांच्यावर घालत नाही.

तो नारळ दहाच्या आधी घाटावर आला. जाईबाई गोधड्या साबणाच्या पाण्यात घालत होती. तिनं नारळ धरला. घाटावर पाच-सहा बायका होत्या, माझी सून रंभाही होती. जाईबाईनं सगळ्यांना वर काढलं. म्हशी हाकलल्या. दगडूला दोन मिस्ड कॉल दिले. जे करायला हवं ते सगळं तिनं केलं.

दगडू आकडा घेऊन परत आला. फोनवर दोन मिस्ड कॉल दिसले. त्यानं विचारलं, "साहेब, नारळ सोडला का?" साहेब म्हणाले, "हो, टाकला ना." दगडूला वाटलं, साहेबांना कोणी रीत सांगितली, बरं झालं. तरी तो म्हणाला, "साहेब, आज तर सुनावणी आहे. आमची म्हातारी तिकडेच गेलीय." साहेब म्हणाले, "सुनावणी तोडण्याची. आज आपण फक्त पाणी उतरवून खांब बघतोय. उद्या रिपोर्ट द्यायचाय." दगडूनं कागद मागितला. साहेबांनी फोनमधला मेसेज दाखवला. त्याच्यावर हरिहर साहेबांचं नाव होतं, असं दगडू म्हणतो. मी पाहिला नाही, म्हणून पाहिला म्हणत नाही. आता तो मेसेज नाही असं म्हणतात आणि अपूर्व साहेब आजारी रजेवर आहेत. दगडू मात्र चार दिवस इथं तुमच्या मागच्या खोलीत आहे.

फळ्या पाणी पिऊन फुगलेल्या होत्या. मे महिन्यात पाणी कमी झाल्यावर त्या ढिल्या होतात, मार्चमध्ये होत नाहीत. हातानं एक तासात दोन निघाल्या. वरच्या. तेवढ्यानं घाटावर बोटभरही पाणी चढत नाही. दगडूनं सदरा काढून काठावर ठेवला, फोन सदऱ्याच्या खिशात.

इकडे घाटावर तास होऊन गेला तरी पाणी येईना. जाईबाईनं दगडूला फोन केला. तो वाजत राहिला. मग तिनं मला केला.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. दगडूला माहीत नाही. विनीतला माहीत नाही. रंभा तिथं उभी होती, तिनं ऐकलं आहे, पण तुमच्यापुढच्या जबाबात तिनं ते सांगितलं नसेल. मी तिला गप्प बस म्हटलेलं नाही. ती आपणहून गप्प आहे.

फोन अकराच्या सुमाराला आला, साहेब तो शब्द बोलून खाली बसत होते तेव्हाच. माझ्या फोनमध्ये संचितानं नावांऐवजी फोटो घातलेत. जाईबाईचा फोटो आला. मी पदराआड धरून बोलले.

ती म्हणाली, "अक्का, नारळ आला, मी घाट रिकामा केला, पण पाणी काही येईना. दगडू फोन उचलत नाही."

मी म्हटलं, "कसला नारळ? आज कोण पाणी सोडेल? मोठे साहेब माझ्यासमोर बसलेत. आत्ताच माईकवर बोलले, एक फळी हलणार नाही."

"मग नारळ कसा आला?"

"कोणी पूजाबिजा केली असेल. मशीनवाले येतात, नारळ टाकतात."

"दगडूला विचारू का एकदा कोणाकडून?"

"दगडू शेतावर असेल. जाईबाई, मी साहेबांच्या पुढ्यात बसलेय आणि तू मला शिकवतेस?"

ती म्हणाली, "गोधड्या साबणात तासभर पडल्यात, कुजतील."

मी म्हटलं, "मग जा, धू."

ती म्हणाली, "बघ हां, तुझ्या शब्दावर जाते."

मी फोन ठेवला. दीड मिनिट बोलणं झालं. फोनमध्ये असेल, काढून बघा.

मग चहा आला. मी दोन कप प्यायले.

दगडूनं सांगितलं ते पुढचं असं. सव्वाअकराच्या सुमाराला अपूर्व साहेब म्हणाले, हातानं संध्याकाळ होईल, पोकलेन लावा. दगडू म्हणाला, "साहेब, वरून एकेक काढायची असते. मशीननं ओढली तर खांब हलेल." साहेब म्हणाले, "खांब तसाही काढायचाच आहे." चौथ्या आणि पाचव्या खांबामधल्या फळ्यांना साखळी लावली. साखळी दगडूनं लावली. पोकलेननं ओढलं आणि चौथा खांब बुडातून मोडला. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकदम गेल्या. जे पाणी आठ दिवसांत जायचं ते एका दमात गेलं. वेळ अंदाजे अकरा पस्तीस.

त्याच सकाळी मी कल्याणला याच खांबाबद्दल बोललेले.

दगडू काठानं पळाला. सदरा तिथेच राहिला. पायात काही नव्हतं. पाणी त्याच्या पुढं होतं.

घाटावरचं रंभाने मला सांगितलं ते असं. फोन झाल्यावर जाईबाई बायकांना म्हणाली, "अक्का म्हणते, आज पाणी नाही, चला." बाकीच्या बायका काठाशी बसून धुवायला लागल्या. गोधडी काठाशी धुता येत नाही, पसरायला पाणी लागतं. जाईबाई कमरेइतक्या पाण्यात शिरली. चार गोधड्या झाल्या, त्या खडकावर टाकल्या. पाचवी हातात होती. आधी आवाज आला. बायका वर पळाल्या. रंभानं काठावरून हात दिला आणि ओरडली, "काकी, सोड ती, हात धर!" जाईबाईनं एका हातानं रंभाचा हात धरला. दुसऱ्या हातातली गोधडी सोडली नाही. भिजलेली गोधडी पाण्यात माणसाच्या वजनाची होते. रंभाच्या दंडावर तिच्या नखांचे ओरखडे आहेत. तुमच्या बाईंनी त्यांचे फोटो काढलेत. फिर्यादीत त्यांना "झटापटीच्या खुणा" लिहिलंय. ते काढा.

गोधडी का सोडली नाही, ते मला विचारू नका. ती विनीतच्या लुंग्या आणि तिची स्वतःची लग्नातली साडी मिळून शिवलेली होती. एवढं मला माहीत आहे.

मला रंभाचा फोन बारा वाजून वीस मिनिटांनी आला. "आत्या, तुम्ही या," एवढंच म्हणाली. मला वाटलं म्हैस गेली. संचितानं दुसऱ्या कोणाला फोन लावला, तेव्हा कळलं की पाणी सुटलं. मी स्टेजपाशी जाऊन म्हटलं, "साहेब, आमच्याकडे पाणी सुटलंय." हरिहर साहेब म्हणाले, "शक्य नाही, आजी." मी म्हटलं, "शक्य नाही ते मलाही माहीत आहे, पण सुटलंय." त्यांनी त्यांचा फोन काढून बघितला. मग ते मागच्या दारानं बाहेर गेले. परत आले नाहीत. जीपवाल्यानं आम्हाला सोडायला नकार दिला, म्हणाला माझी ऑर्डर साडेचारची आहे. आम्ही रिक्षा केल्या.

जाईबाई दुपारी तीन चाळीसला सापडली, खाली करंजाच्या मुळांत. दगडू आणि भाऊंच्या मुलानं काढली. गोधडी अंगाला गुंडाळली गेलेली, ती सोडवायला वेळ लागला. मी घरून चादर आणली. विनीत सहानंतर पोहोचला, घोडबंदरला गाड्या अडकलेल्या. त्यानं पहिलं विचारलं, "फळ्या कोणी काढल्या?" दगडू म्हणाला, "मी." त्यापुढे तो काही बोलला नाही. अजूनही बोलत नाही. जेवतही नाही, असं तुमचे शिपाई म्हणतात. तुम्ही जो कागद पुढं कराल त्याच्यावर तो सही करेल. म्हणून त्याची सही घेऊ नका. घेतली असेल तर ती त्याची आहे असं मी मानणार नाही.

विनीतला राग आलाय तो खरा आहे. आई गेलीय त्याची. पण त्याला कोणीतरी सांगितलं की दगडूनं आपल्या मनानं पाणी सोडलं, आणि त्याला ते खरं वाटलं. कारण दुसरं सांगणारं कोणी पुढं आलं नाही. खात्याचं पत्र आलं, की आमचा काही आदेश नव्हता. तिकडे पोकलेनच्या पट्ट्यांचे माग अजून नदीकाठच्या चिखलात उठलेले आहेत. दगडूकडे पोकलेन कुठून आली, एवढं तरी विचारायचं. दगडूकडे सायकल आहे.

दगडूची चूक नाही, असं मी म्हणत नाही. साखळी त्यानं लावली. त्यानं खाली वाकून साखळी घालण्याऐवजी तिथून निघून जायला हवं होतं. धर्मा असता तर निघून गेला असता. पण दगडूनं विचारायचं ते विचारलं, नारळाचं विचारलं, कागदाचं विचारलं, खांबाचं सांगितलं. तीन वेळा विचारणाऱ्याला आत बसवलंय आणि ज्यांनी उत्तरं दिली ते घरी आहेत.

जाईबाईनं तर रीत पाळली. ती रीत मोडून तिला पाण्यात घालणारी मी. साहेबांच्या शब्दावर मी बोलले, हे खरं. पण फोनवर आवाज साहेबांचा नव्हता.

आता बंधाऱ्यावर पाटी लावलीय, काम बंद. चार खांब उभे आहेत, दोन अर्धे आहेत, एक बुडापासून गेलाय, सळया बाहेर आल्यात. परवा शहरातली पोरं पुन्हा आलेली, मोडक्या खांबावर चढून फोटो काढत होती. मी दगड मारून हाकलली. माझं म्हणणं बदललेलं नाही. बंधारा तोडा. पण पडद्यावर दाखवला तसा तोडा. आधी गाळ, मग पाणी, रोज एक वीत. आणि पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः घाटावर उभं राहून नारळ धरायचा. चिंधी मी बांधून देईन. हिरवं लुगडं अजून पेटीत आहे.

मृणालबाईंनी हे सगळं मला दोन वेळा वाचून दाखवलं. एके ठिकाणी "मयत हिने निष्काळजीपणे" असं आलेलं, ते खोडायला लावलं, त्याच्याशेजारी माझी सही आहे. बाकी मी बोलले तसंच आहे. एक गोष्ट बोलायला चार दिवस उशीर केला, तोही यात आला. अंगठा नको. सही करते. जाईबाईला येत होती, तशी मलाही येते.

आता खाली लिहा, माझ्या सहीच्या वर. पहिलं उत्तर हरिहर साहेबांनी द्यायचं, कॅमेऱ्याची फिल्म समोर लावून. मेसेज धाडला की नाही, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दुसरं अपूर्व साहेबांनी, आजार बरा झाला नसेल तर खाटेवरून. तिसरं मी. दगडूला सगळ्यांत शेवटी विचारा, आणि जेवल्यावर विचारा. आणि विनीतनं विचारलं, की आईला पाण्यात जा कोणी सांगितलं, तर तुम्ही कोणी तोंड उघडायचं नाही, रंभानंही नाही. मला बोलवायचं. त्याचं उत्तर मी देणार.

सही/-
गंगुबाई धर्मा सुरोशे